निकडपट्टी

"रडायचं असेल तर बाहेर ओट्यावर रडून घ्या, मग आत या," असं नूतन फिरके आलेल्या माणसाला तोंडावर सांगायची. नव्या माणसाला राग यायचा. घरी आई शेवटच्या घटका मोजतेय आणि ही बाई म्हणते बाहेर रडा. पण जळगावच्या गणेश कॉलनीतल्या तिच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत रडका आवाज चालायचाच नाही. तिथं विमानाची तिकिटं काढली जायची, आणि रडत काढलेलं तिकीट दहा-बारा पट महाग पडायचं.

गेल्या हिवाळ्यात सावद्याचे बोरोले आले होते, कापडदुकानवाले. आईचं काही खरं नव्हतं आणि बहीण कोचीला.

"बहिणीला काय सांगितलंत?" नूतननं विचारलं.

"अजून काहीच नाही. फोन करायला हात धजत नाही."

"उत्तम. सांगूही नका. म्हणावं, शेतात भरीत पार्टी ठरलीय, सगळी भावंडं जमतोय, तूही ये. तिकीट निघालं की मग काय सांगायचं ते सांगा."

"आईबद्दल खोटं बोलू?"

"बोला. नाहीतर सत्तर हजार भरा."

बोरोल्यांनी बहिणीला फोन केला, वांगी कुठून आणलीत हेसुद्धा सांगितलं. मग नूतननं बहिणीची प्रतिनिधी म्हणून 'पवनवेग' कंपनीच्या बुकिंगला फोन लावला. पलीकडे माणूस नव्हताच, 'सोबती' नावाचं बोलणारं यंत्र होतं. नूतननं त्याच्याकडे डाव्या बाजूची खिडकी मागितली, नाश्त्याला उपमा आहे का विचारलं, नसेल तर राहू दे म्हणाली. ज्याची आई चाललीय तो माणूस खिडकी मागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि यंत्रालाही. तिकीट सहा हजार दोनशेला निघालं. बोरोल्यांनी हात जोडले. बहीण संध्याकाळी पोचली, आईच्या तोंडात तिनं पाणी घातलं, आणि मग आठ दिवस भावाशी बोलली नाही, ते वेगळं.

आता हे सगळं कशामुळे, ते सांगायला हवं. इंधन भडकलं तेव्हा देशातल्या चार विमान कंपन्या एकामागून एक बसल्या. लहान गावांची विमानं बंद पडली, तशी ओरड झाली. सरकारनं मग पवनवेगला हात दिला. दर आसनामागे अनुदान, आणि जळगावसारख्या गावांचे मार्ग पाच वर्षं दुसऱ्या कुणाला अनुदानावर द्यायचे नाहीत असा करार. बदल्यात भाड्याला मर्यादा घातली. कितीही लांब जा, सहा हजार दोनशेच्या वर भाडं नाही. लोकांनी पेढे वाटले. मर्यादा भाड्याला होती, आकारांना नव्हती, हे पेढे संपल्यावर कळलं.

मग बॅगेचा आकार आला, आसन निवडण्याचा आला, आधी चढण्याचा आला. यातलं काही नवीन नव्हतं. नवीन होता तो 'प्रतिसाद सेवा आकार'. त्याला लोक निकडपट्टी म्हणू लागले.

माणूस घाबरला की शरीरात काय होतं हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. घशातल्या स्वरतंतूंचे स्नायू ताणले जातात, आवाज किंचित वर चढतो, त्यात एक बारीक कंप येतो. श्वास तोकडा होतो. प्रश्न संपायच्या आत माणूस उत्तर देतो. आपल्या कानाला यातलं अर्धंही जाणवत नाही, पण यंत्राला जाणवतं. पवनवेगनं हे मोजलं, त्यात मनगटावरच्या पट्ट्यातली नाडी मिळवली, घरच्यांच्या फोनांची वेळ मिळवली, विमा कंपनीकडून दवाखान्याची खबर मिळवली, आणि शून्य ते शंभर असा एक आकडा तयार केला. या माणसाला जायची किती निकड आहे तो आकडा. जितकी निकड तितका आकार.

कोर्टकज्जे झाले. समिती बसली. समितीनं सांगितलं की लोकांचे आपसातले शब्द ऐकणं हा खाजगीपणावर घाला आहे, सबब यंत्रानं ते शब्द ऐकू नयेत. सूर ऐकायला हरकत नाही, कारण सूर म्हणजे मजकूर नव्हे. शिवाय लोकांनी फोनवर 'मान्य आहे' दाबलेलं होतंच. न दाबून जाता कुठे, दुसरी कंपनी होती कुठे? मध्यंतरी 'चिमणी' नावाची एक छोटी कंपनी आली होती, निकडपट्टी न घेणारी. आठ महिने पवनवेगचे आकारही गपगुमान खाली आले. पण अनुदानाशिवाय चिमणी किती उडणार? ती बसली आणि दुसऱ्याच सोमवारी आकार पुन्हा वर गेले.

आपल्याकडे माणूस गेल्याचं कुणी फोनवर सरळ सांगत नाही. जरा जास्त आहे, निघून ये, एवढंच म्हणतात. यंत्राला त्या वाक्याचे शब्द कळत नव्हते, पण वर्षभरात त्याला तो सूर पाठ झाला. म्हणून लोक आणखी सपाट बोलायला शिकले, आणि ज्यांना जमेना ते नूतनकडे येऊ लागले. ती जळगाव विमानतळावर अकरा वर्षं घोषणा करत होती. विमान रद्द झालं, दिलगीर आहोत, हे दिवसातून सहा वेळा काहीही न वाटता म्हणायचं ही तिची नोकरी. नोकरी यंत्रानं खाल्ली, आवाज तेवढा राहिला. तीन वर्षांत दोनशेच्या वर घरांची निकडपट्टी तिनं वाचवली होती, आणि एकदाही तिला हार मानावी लागली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

घरात मात्र तिचा नवरा हेमराज कुरकुरायचा. "तुझा राग कळत नाही, लोभ कळत नाही," तो म्हणायचा. "भाजी करपली हेसुद्धा बातम्या दिल्यासारखं सांगतेस." हेमराज तीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर होता. बायकोच्या धंद्याची त्याला गंमतही वाटायची आणि चीडही यायची. "आमच्या गाडीत रडणाऱ्याला आणि हसणाऱ्याला एकच तिकीट होतं," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी चहा घेता घेता हेमराजचा कप हातातून सुटला. हृदय आधीच थकलेलं होतं, आता फुप्फुसांत पाणी झालं होतं. दवाखान्यात डॉक्टर नूतनला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ दिवस काढतील, दहाही काढतील. नक्की सांगता येत नाही. मुलाला बोलावून घ्या."

मुलगा एकच, ओजस. तो गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या कचेरीत होता. घरी येऊन दोन वर्षं झाली होती. त्यातून पुरानं बंगालमध्ये रेल्वेचे रूळ वाहून गेलेले, पंधरा दिवस गाड्या बंद. म्हणजे विमान, आणि विमान म्हणजे पवनवेग.

हेमराज नळ्यांच्या गर्दीतून पहिलं वाक्य बोलला ते हेच. "ओजस कधी येतोय?"

"येतोय. बोलावते," नूतन म्हणाली.

बाहेर येऊन तिनं आधी निकडपट्टी धरून भाडं पाहिलं. एकसष्ट हजार. दवाखान्यात नाव नोंदवून दोन तास झाले नव्हते, तोवर खबर पोचलीसुद्धा. ती मनाशी म्हणाली, ठीक आहे, अजून पोराला काही माहीत नाही. तो शांत राहिला आणि मी शांत राहिले तर परवापर्यंत उतरेल. भरीत पार्टीचा उपयोग नव्हता. ओजस कॉलेजात होता तेव्हा त्याच खोलीत अभ्यास करायचा, आईच्या साऱ्या युक्त्या त्याच्यासमोर घडल्या होत्या. ती दोन घोट पाणी प्यायली, तिनं खांदे सैल सोडले आणि फोन लावला.

"काय रे, जेवलास का?"

"आत्ताच. तू कशी आहेस?"

"मी ठीक. काही विशेष नाही, बाबा आठवण काढत होते. या आठवड्यात जमलं तर चक्कर टाक."

"बरं," ओजस म्हणाला. "बघतो. इकडे पाणी वाढलंय, रजेचं विचारतो."

"सवडीनं बघ. घाई नाही."

फोन ठेवेपर्यंत तिचा आवाज कुठे हलला नव्हता. तिला वाटलं, छान झालं. खरंच तिला तसं वाटलं, आणि त्याचीच पुढे तिला फार लाज वाटायची होती.

बुधवारी दुपारी नणंद आल्या, सुनंदाताई, भुसावळहून. भावाला पाहून आल्या आणि बाकावर नूतनजवळ बसल्या. भाडं तेव्हा बहात्तर हजार झालं होतं.

"अगं, मग भर ना पैसे," सुनंदाताई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या पाटल्या काढून नूतनच्या मांडीवर ठेवल्या. "या मोड. पोरगं उद्या सकाळी इथं असेल."

नूतननं पाटल्या उचलून पुन्हा त्यांच्या हातात चढवल्या. "ताई, लोकांचं मी दहा हजारांच्या आत आणते आणि स्वतःच्या घरचे बहात्तर हजार त्या चोरांना देऊ? परवापर्यंत उतरेल. मला कळतं त्यातलं."

"तुला त्यातलं कळतं गं. हेमराजचं कळतंय का?"

"डॉक्टर म्हणालेत आठ दिवस."

सुनंदाताईंनी पाटल्या पुन्हा काढून पदराच्या टोकात बांधून ठेवल्या, कधीही मागितल्या तरी देता याव्यात म्हणून. नूतननं मागितल्या नाहीत. तिला पैशाचा लोभ नव्हता, हे सुनंदाताईंनाही माहीत होतं. दोनशे घरांसाठी जे केलं ते आपल्याच घरासाठी जमू नये, हे तिला सोसत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं पुन्हा फोन केला. ओजसचा आवाज तिच्याहून सपाट होता. साहेब रजा देतायत बहुतेक, म्हणाला, शनिवारी-रविवारी जमेल. कचेरीतल्या नव्या मशीनबद्दल पाच मिनिटं बोलला. नूतनला वाईट वाटलं. पोराला बापाची काही ओढच नाही की काय, असा विचार मनात आला आणि तिनं तो झटकला. कशी असेल ओढ, आपणच तर म्हणालो घाई नाही.

गुरुवारी हेमराजला थोडं बरं वाटलं. मास्क बाजूला करून तो म्हणाला, "त्याला नीट सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"तू सांगितलंस म्हणजे कळलं नसेल त्याला." तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यानं दवाखान्याचा पट्टा बांधलेल्या हातानं तिचं मनगट धरलं. "नूतन, मला त्याला बघायचंय गं. नुसतं बघायचंय. बोलायला दम नाही राहिला माझ्यात. तू एकदा रडून सांग त्याला. जाऊ दे ना पैसे."

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली. "आत्ता आकडा उतरायला लागलाय. आता रडले तर तीन दिवसांचं पाण्यात जाईल."

आकडा खरंच उतरत होता. बहात्तरचे पासष्ट झाले होते. हेमराजनं तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि मनगट सोडलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे कधी हट्ट केला नव्हता, आणि केला तो असा वाया गेला.

शुक्रवारी सकाळी त्याला जास्त झालं. डॉक्टर येत-जात होते, नूतनला बाजूला व्हायला सवड मिळाली नाही. दुपारी ती फोन हातात घेऊन उठली. आता रडायचं, काय व्हायचं ते होऊ दे, असं तिनं ठरवलं होतं. इतक्यात नर्स म्हणाली, "काकू, जरा बाहेर थांबा," आणि दार लावून घेतलं. आत पावलांची धावपळ ऐकू येत होती. सुनंदाताई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दार उघडेना.

चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. ओजस होता.

"आई, मिळालं!" त्याचा आवाज थरथरत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो स्वतःच्या आवाजात बोलत होता. "तिकीट मिळालं. सहा हजार दोनशे. आत्ता, या मिनिटाला. साडेसातचं विमान आहे, कोलकात्याला बदलायचं, सकाळी घरी."

नूतन दाराकडे वळली.

"आई, मला पहिल्याच फोनला कळलं होतं. तू जेवलास का विचारलंस आणि मला कळलं. पण मीही तसाच बोललो. तीन दिवस मी स्वतःला शांत करतोय गं. पट्टा काढता येत नाही, ड्यूटीचा आहे. नदीकाठी जाऊन बसतो, श्वास मोजतो, दर तासाला भाडं बघतो. बघितलं की छाती धडधडते आणि परत चढतं. पासष्टच्या खाली यायलाच तयार नव्हतं. आणि आत्ता एकदम सगळं उतरलं. मला जमलं आई. तुझा मुलगा आहे मी. बाबांना सांग, निघालो म्हणून."

नूतन बंद दाराकडे बघत उभी होती. भाडं असं एका दमात पायथ्याला कधी येतं हे तिला माहीत होतं. तीन वर्षांत चार वेळा तिनं ते पाहिलं होतं आणि चारही वेळा समोर बसलेल्या माणसाला काही सांगितलं नव्हतं. शांत झालेल्या माणसाचं भाडं हळूहळू उतरतं, दोन-चार हजारांनी. धाडकन उतरतं ते एकाच कारणानं. दवाखान्यातल्या माणसाच्या मनगटावरचा पट्टा थांबलेला असतो. यंत्राला हे कुणी शिकवलं नव्हतं, ते आपल्या वागण्यातूनच शिकलं होतं. आजारी माणूस वाट बघू शकत नाही म्हणून लोक मागाल तितके पैसे देतात. गेलेल्या माणसाला शीतपेटीत ठेवता येतं. पोरगा आज पोचला काय नि उद्या पोचला काय. मग लोक भाव करतात, स्वस्त विमान शोधतात. त्यांची निकड संपलेली असते.

दाराआड अजून धावपळ चालू होती. डॉक्टरांनी अजून काही सांगितलं नव्हतं. पवनवेगला मात्र कळलं होतं.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"बाबांना फोन दे ना. एक मिनिट. आता कितीही घाबरलो तरी चालेल, तिकीट निघालंय."

आता आवाज सांभाळायचं काही कारण उरलं नव्हतं. तिला मोठ्यानं रडायचं होतं. ओट्यावर बसून लोक रडायचे तसं, आजूबाजूची चार माणसं धावत येतील असं. तिनं तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं, आणि शब्द आले ते विमानतळावरून यायचे तसे एकेक सुटे, स्वच्छ.

"ओजस, बाबा गेले."

पलीकडे तो हसला. दमलेला, सुटका झाल्यासारखा.

"पुरे आता हा सपाट आवाज, आई. बुकिंग झालं म्हटलं ना. आता कोण ऐकणार आहे? खरं सांग, कसे आहेत?"

"खरंच सांगतेय."

"मग अशी का बोलतेयस? खरं असतं तर तू अशी बोलली असतीस का? नीट बोल ना, आई. माझ्याशी तरी नीट बोल."

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, मास्क उतरवला, आणि तिच्या हातातला फोन बघून थांबले. नूतननं पुन्हा एकदा प्रयत्न केला. तोच आवाज निघाला. तिनं फोन डॉक्टरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "माझ्या मुलाला तुम्ही सांगा. माझ्यावर त्याचा विश्वास बसत नाही."